पिंजर की भुसा: पागेच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४

पागेतली शहाबादी फरशी आज उखडली. चारही ठाणांत, म्हणजे घोडी बांधायच्या जागांत, ती मधोमध खचली होती. खळग्यात मूत साचायचं, वर कितीही गवत पसरा, सकाळी खालून काळा रबडा. एका लादीखाली बोटभर जाडीचा काळा थर निघाला. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार मामा म्हणाले, "ही आज्ज्याच्या घोड्यांची शिल्लक."

आमची जागा बेळगावहून निघणाऱ्या वेंगुर्ला रस्त्यावर, उचगाव फाट्याच्या पुढं, शिनोळीच्या अलीकडं. महाराष्ट्र हाकेच्या अंतरावर आणि पाऊस घाटाचा. जूनमध्ये एकदा लागला की गणपतीपर्यंत दोरीवरचा कपडा वाळत नाही. तेव्हा यंदा घोड्यांच्या अंगाखाली काय पसरायचं हे पावसाआधी ठरवायचंय.

घरातल्या आप्पांच्या लेखी हा प्रश्नच नाही, पिंजर म्हणजे भाताचा पेंढा आहेच. "पिंजर टाकायचं. आज्ज्यानं तेच टाकलं, बापानं तेच टाकलं. तू वही घेऊन काय करूलालास?"

वही चांदणीमुळं. १६ वर्षांची पांढरी घोडी, गेल्या श्रावणात खोकायला लागली ती दिवाळीपर्यंत. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं, मग ठाणातलं मूठभर पिंजर उचलून हुंगलं आणि बाहेर फेकलं. म्हणाले, आधी हे बदला, औषधाचं नंतर बघू. बुरसलेली गवतगंजी फोडणाऱ्या माणसाला खोकला येतो, कधी अंगात तापही भरतो. घोड्याचा दमा त्याच जातीचा. बुरशीचे बीजकण डोळ्यांना दिसत नाहीत आणि घोडं चोवीस तास त्यात नाक खुपसून असतं.

बाकीची तीन: बिजली (गाभण, सप्टेंबरअखेर विणार), पवन (घोडागाडीच्या शर्यतीचा, खादाड) आणि टिंग्या नावाचं तट्टू, जे वरातीत नाचतं आणि एरवी कुणाचं ऐकत नाही.

१६ मे

जमिनीवरून वाद. गवंड्याचं म्हणणं, काँक्रीट करा, पाइप लावून धुवा, विषय संपला. धुवायला बरं, पण घोड्याला बसायला वाईट. चांदणीच्या डाव्या कोपरावर लिंबाएवढी गाठ आहे. कडक जमिनीवर बसताना नालेची टाच कोपराला घासून ती येते.

घोडं उभ्यानं झोपतं हे अर्धंच खरं. पायांचे सांधे अडकवून ते उभ्या उभ्या डुलक्या काढतं, पण गाढ झोप, ज्यात डोळे पापणीखाली फिरतात, ती आडवं झाल्याशिवाय लागत नाही. दिवसाकाठी अर्धा ते एक तास तरी लागते. जमीन टणक किंवा ओली असली तर घोडं बसायचंच टाळतं. चांदणीला आडवी पडलेली मी शेवटची कधी पाहिली, आठवत नाही. मामांनाही आठवेना.

ठरलं ते असं: दगडाचं सोलिंग, वर मुरूम, पाणी मारून धुमसानं ठोकलेला. उतार १० फुटांना २ इंच, मागच्या भिंतीतल्या गटाराकडं. मुरूम दरवर्षी उकरून भरावा लागेल. लागू दे.

२४ मे

आज शोषणाची परीक्षा. जे जे मिळतं त्याचा प्रत्येकी १ किलो नमुना, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून २४ तास पाण्यात, मग तासभर दोरीला टांगून वजन. आप्पा ओट्यावर बसून बघत होते. "गाठोड्यांची जत्रा," म्हणाले.

भाताचं अख्खं पिंजर २.४ किलो पाणी प्यालं. तेच कडबाकुट्टीत बारीक केलं तर २.९. लाकडाचा भुसा २.७, रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या साली २.१. उसाचं पाचट कुट्टी करून २.२. नारळाचा भुसा मात्र ६.५, फडकं फाटायची वेळ. सगळ्यांत कच्चं निघालं तूस: १.१. भाताच्या सालीत सिलिका भरपूर, वरून ती गुळगुळीत. कुदरतीनं ती दाण्याला पाण्यापासून वाचवायला केलीय, आपण तिच्याकडून उलटं काम मागतो.

तुसासाठी गिरणीला फोन केला तेव्हाची गंमत. मी "तूस, तूस" म्हणतोय, पलीकडचा "तौडु, तौडु" म्हणतोय आणि भाव असा सांगतोय की मी थक्क. तौडु म्हणजे कोंडा, दुभत्या म्हशीचं खाद्य. मला हवं होतं ते होट्टु. शेवटी मामांनी फोन घेतला, दोन मिनिटं कानडीत बोलले आणि चार पोती फुकट आणली.

शिवाय चांदणीचं वजन, फितीनं: छातीचा घेर १५५ सेंमी, लांबी १६० सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०. आलं ३२४ किलो. चार दिवस तिची लीद तोलली, दिवसाला १३ ते १५ किलो. मूत मोजायचा प्रयत्न एकदाच केला, बादली तिनं लाथेनं उडवली. ५-६ लिटर धरून चालतो.

३ जून

नव्या ठाणांत पहिलं अंथरूण. चांदणीला रंध्याच्या साली, बिजलीला पिंजर, पवनला पिंजर, टिंग्याला तूस. १० बाय १२ चं ठाण, अर्धा फूट थर म्हणजे ६० घनफूट. पोत्यात ४ घनफूट धरले तर एका ठाणाला १५ पोती. कागदावर ही बेरीज केली तेव्हा खर्चाचा अंदाज पहिल्यांदा नीट आला.

भिंतीकडेला थर मुद्दाम उंच केलाय. घोडं लोळताना भिंतीला पाय टेकून अडकलं तर त्याला उठता येत नाही. कडेचा उतार त्याला मध्ये ढकलतो.

११ जून

टिंग्याचं तूस बंद. वारा आला की उडतं, डोळ्यांत जातं, त्याचे दोन्ही डोळे लाल. मूत वरून वाहून थेट मुरमावर. शिवाय तट्टू तूस चघळत बसलेलं दिसलं. राहिलेली पोती वीटभट्टीवाल्याला दिली, तो खूष.

गावात बातमी पसरलीय की मी फुकटात काहीही नेतो. एका पोल्ट्रीतून निरोप आला, शेडमधलं वापरलेलं तूस ट्रॉलीभर न्या. डॉक्टर फोनवरच ओरडले. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन असली औषधं असतात. कोंबडीला चालतात, घोड्याच्या हृदयाला थोडीसुद्धा झेपत नाहीत. सांडलेलं खाद्य त्या तुसात असतंच. काजूची टरफलं न्या असंही कुणी सुचवलं. चंदगडच्या बाजूला काजू सोलताना बायकांचे हात त्या चिकानं कसे सोलवटतात हे ज्यानं पाहिलंय तो हे सुचवणार नाही.

२२ जून

पाऊस चांगला लागला. आज कारहुणवी, इकडचा बैलांचा सण. बैलांना आंघोळ, शिंगांना रंग. टिंग्यालाही पोरांनी हिंगूळ फासला.

माउलींचे अश्व अंकलीहून आळंदीच्या वाटेला लागलेत. दरवर्षी या दिवसांत आप्पांचा जीव अर्धा तिकडं असतो. चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून हे अश्व जातात. हैबतबाबांनी १८३२ मध्ये पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हापासूनचं हे नातं. आप्पा तरुणपणी एकदा त्यांच्यामागून मिरजेपर्यंत चालत गेले होते. त्या मुक्कामात घोड्यांखाली काय पसरलेलं, असं मी विचारलं. आप्पा बराच वेळ थांबले आणि म्हणाले, "बघितलं नाही. वर बघत होतो."

पवन अंथरूण खातो. रात्री पसरलेल्या पिंजराच्या पेंढ्यांपैकी निम्म्या सकाळी गायब, लीद कोरडी, बारीक. दुपारी त्यानं दोनदा वळून कुशीकडं पाहिलं, पायानं जमीन उकरली. डॉक्टरांनी नळीनं तेल पाजलं, संध्याकाळी मोकळा झाला. पिंजर चिवट, पोषण थोडं. आतड्यात त्याचा बोळा बसला तर घोडं जातं. उद्यापासून पवनला भुसा, पिंजर कायमचं बंद.

१४ जुलै

आठ दिवस झड थांबलेली नाही. आज मे महिन्यातली सगळी परीक्षा मी मोडीत काढली.

झालं असं: बिजलीच्या ठाणात पिंजर टाकायला मामांनी गंजीतून पेंढ्या काढल्या. वरच्या ठीक. तिसऱ्या थरापासून राखाडी धूर. पेंढी आपटली की पीठ उडाल्यासारखं. ताडपत्री घट्ट आवळून मीच गंजीचा श्वास बंद केला होता. आप्पा गंजीला नुसता वरून पेंढ्यांचा शेंडा बांधायचे, ताडपत्री नाही. मी त्यांना अडाणी समजत होतो.

पण वरचं चांगलं दिसणारं पिंजर तरी किती कोरडं? ५०० ग्रॅम तोललं, पत्र्याच्या डब्यात घालून चुलीच्या कडेला ठेवलं, दर दोन तासांनी वजन, उतरायचं थांबेपर्यंत. राहिलं ३९५ ग्रॅम. म्हणजे १०० ला २१ भाग पाणी, पावसाचा एक थेंब न लागता, नुसत्या हवेतून. वैरणीत १५-१६ च्या वर ओल गेली की बुरशीला दार उघडतं, २० च्या वर तर ती येतेच. मे महिन्यात २.४ किलो पाणी पिणारं पिंजर जुलैत आधीच पिऊन बसलेलं असतं.

मी "सर्वांत जास्त काय शोषतं" विचारत होतो. विचारायला हवं होतं, जुलैत माझ्या हाती कोरडं काय लागेल. हा प्रश्न आप्पांच्या वाडवडिलांनाही पडला असणार. त्यांची घोडी खोकायची का, हे आता कोण सांगणार?

चांदणीच्या ठाणात साली, पण शेजारच्या ठाणातलं पिंजर हवेतून तिच्याकडं येतंच. आज तीनदा खोकली. मामा म्हणाले, "बिजलीचं उपसलं की ही खोकूलालीय, बघा." खरं आहे. उपसणी आता चारही जनावरं बाहेर पडवीत बांधूनच.

१९ जुलै

बुरसलेली गंजी खत-खड्ड्यात गेली. पाऊण ट्रॉली. बिजलीही भुशावर.

भुसा गोळा करायला दिवसभर फिरलो. खानापूरच्या बाजूच्या वखारीत साग, आंबा, जांभूळ, नीलगिरी सगळं एकत्र पडतं आणि पट्ट्याच्या करवतीचा भुसा म्हणजे पीठच. धूळ पिंजराइतकीच, फक्त बुरशी कमी. तिथं लाकूड ओलंच चिरतात, त्यामुळे पोतं जड आणि दोन दिवसांत आतून गरम होतं. पैसे आपण पाण्याचे देतो. फर्निचरवाल्याकडचा भुसा फुकट होता, पण त्यात प्लायवुडची पूड, म्हणजे डिंक आणि रसायनं. नको म्हटलं. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं: अमेरिकेत काळ्या अक्रोडाच्या ताज्या भुशावर उभी राहिलेली घोडी एका दिवसात पायांनी गेलेली आहेत, टापेच्या आतला भाग सुजतो. आपल्याकडं ते झाड नाही, पण आयात लाकूड कापणाऱ्याकडं काय येतं हे विचारूनच घ्यावं.

शेवटी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगसाठी लाकडी खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात हवं ते मिळालं. वाळलेल्या पाइनच्या रंध्याच्या साली, मोठ्या, कुरळ्या, धूळ नावाला. पोतं ९० रुपये. एकच अडचण: खिळे. फाउंड्रीतल्या मित्राकडून जड लोहचुंबक आणलं, पोती ताडपत्रीवर ओतून त्यावरून फिरवलं. २० पोत्यांत ११ खिळे आणि अर्धं करवतीचं पातं. टापेत खिळा आणि खाली लीद, धनुर्वाताला घोड्याइतकं नाजूक दुसरं जनावर नाही. चारही जणांची लस मेमध्येच झालीय, तरी चुंबक रोज फिरणार.

२ ऑगस्ट

पागेत शिरलं की डोळ्यांतून पाणी. पाऊस तिरपा म्हणून वाऱ्याच्या बाजूला गोणपाटं लावली होती, त्यामुळे वास आतच. मुतातला युरिया जिवाणू फोडतात आणि अमोनिया सुटतो. उभ्या माणसाला कमी जाणवतो. आज मी चांदणीच्या ठाणात पाच मिनिटं उकिडवा बसलो, बसलेल्या घोड्याचं नाक असतं त्या उंचीवर. सहा मिनिटं बसवलं नाही.

परवा आप्पांच्या सांगण्यावरून चुना मारला होता. गोठ्यात सगळे मारतात. पण विरलेला चुना भलताच अल्कधर्मी आणि अल्कात अमोनिया विरघळून राहत नाही, हवेत उठतो. वास दुप्पट झाला तो त्यानं. युरिया आणि चुना शेतात एकत्र टाकू नये म्हणतात, तेच मी ठाणात केलं होतं. चुना खरवडून काढला. गोणपाटं वरून दोन फूट उघडली. थोडा पाऊस आत आला तर येऊ दे. लीद दिवसातून चारदा, ओला भाग रोज सकाळी मुरमापर्यंत. सोसायटीतून सुपर फॉस्फेटचं एक पोतं आणलं, ते फक्त गटारात आणि खड्ड्यावर. ते आम्लधर्मी, अमोनिया धरून ठेवतं आणि खतालाही लागतंच. जनावराच्या अंगाखाली टाकणार नाही.

चार दिवसांनी पुन्हा उकिडवं बसून बघायचं.

६ ऑगस्ट

बसलो. दहा मिनिटं. ठीक.

११ ऑगस्ट

नारळाचा भुसा टिंग्याखाली. शोषण अफाट, वास नाही, बाग फुलवणाऱ्याला खत म्हणूनही आवडेल. पण विटा येतात त्या तिपटूरकडून, वाहतूक धरून परवडत नाही आणि पावसात एकदा ओला झाला की वाळतच नाही. टिंग्याच्या मागच्या टापेखालच्या मऊ त्रिकोणाला काळा, घाणेरडा वास. सडायला सुरुवात. खरवडून पोटॅशियम परमँगनेटनं धुतलं. बंद.

२५ ऑगस्ट

शेजारी भांडायला आले आणि बरोबर होते.

आमची लीद वर्षानुवर्षं त्यांच्या शेतात जाते. आमचा खड्डा रिकामा होतो, त्यांचं खत होतं, पैशाचा व्यवहार नाही. यंदा त्यांनी रताळ्यांच्या वाफ्यांत टाकली ती भुशाची. वेल पिवळे, खुरटे, बांधापलीकडचे हिरवेगार. भुशात कार्बन इतका आणि नत्र इतकं कमी की तो कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढून घेतात, वेलाला उरत नाही. पिंजर दोन-तीन महिन्यांत मऊ होतं, भुशाला वर्ष लागतं. लीद ताजी दिली हीही माझीच चूक.

त्यांना युरियाचं एक पोतं दिलं, त्यांनी घेतलं. पण पुढच्या वेळी ट्रॅक्टर लावणार नाही म्हणाले. दिवसाला चार जनावरांची लीद आणि ओला भुसा मिळून दीड-दोन क्विंटल बाहेर पडतो. तो कुणी नेला नाही तर दिवाळीपर्यंत पागेच्या दारात डोंगर होईल. अंथरूण निवडताना हा हिशेब माझ्या वहीत कुठंच नव्हता.

आता खड्डे दोन. भुशाचा वेगळा, त्यावर शेण, हिरवा पाला आणि सुपर फॉस्फेटचे थर, वर्षभर हात लावायचा नाही. पिंजराचा वेगळा, शेजाऱ्यांचा.

७ सप्टेंबर

गणपती. आज काम नाही. चांदणी पंधरा दिवसांत दोनदाच खोकली. वैरणही आता पाण्यात बुडवून देतोय, त्याचंही श्रेय असेल.

२१ सप्टेंबर

बिजलीची कास भरलीय, विण्याआधी सडांवर येतं ते मेण अजून नाही. आता पेच.

विणाऱ्या घोडीखाली भुसा किंवा साली नकोत. शिंगरू ओलं पडतं. बारीक भुसा नाकपुड्यांत, तोंडात, ओल्या नाळेला चिकटतो. लांब काडीचं स्वच्छ पिंजरच हवं. आणि सप्टेंबरात, नवं भात अजून शेतात हिरवं असताना, कोरडं जुनं पिंजर कुणाकडं असणार? सात घरं फिरलो. पाच ठिकाणी राखाडी धूर, दोन ठिकाणी संपलेलं.

आठवं घर गावाच्या वरच्या आळीतल्या आजींचं. जुनं, खानापूरच्या कौलांचं, चुलीच्या वर माळा. मामा शिडीनं चढले आणि वरूनच हाका मारायला लागले. पिंजर सोनेरी, धुराचा वास, पेंढी आपटली तरी काही उडेना. तिथंच मूठभर पिशवीत घालून आणलं. ५०० चे राहिले ४३५, म्हणजे १३ भाग पाणी.

आजी द्यायला तयार नाहीत. त्यांची एक म्हैस आहे आणि गवत तिच्यासाठी. "जनावराच्या तोंडचा घास तू दुसऱ्याच्या पायाखाली घालणार? पाप लागतं बाबा." मी पैसे म्हटलं तेव्हा आणखी चिडल्या. हे मला परदेशी पुस्तकांत कुठं सापडलं नव्हतं. तिकडं गव्हाचं काड अंथरायलाच असतं, इथं पिंजर आधी जेवण.

मामा मध्ये पडले. म्हणाले, "आजी, बाळंतिणीसाठी पाहिजे." आजींनी विचारलं, कोण बाळंतीण? मामांनी सांगितलं. मग त्यांनी स्वतः मोजून ४० पेंढ्या खाली टाकायला लावल्या, आणि सुगी झाली की परत, असं बजावलं.

२८ सप्टेंबर

पहाटे पावणेचारला शिंगरू. पांढऱ्या कपाळाची मादी. ४० मिनिटांत उभी, सव्वा तासात आचळाला लागली, वार अडीच तासांत पूर्ण पडली. डॉक्टरांचा हिशेब एक-दोन-तीन: तासात उभं, दोनात दूध, तिनात वार. बसला. नाळ औषधात बुडवली, तीनदा.

पिंजर जसंच्या तसं. मामांनी ओला भाग काढून उरलेल्या पेंढ्या झाडल्या आणि आप्पा ठाणाच्या दारात उभे राहून म्हणाले, "मी काय सांगत होतो?" मी काही बोललो नाही. आज तो मान त्यांचा.

१२ ऑक्टोबर

दसरा. घोड्यांना हळदकुंकू, आपट्याची पानं. शिंगरानं एक पान खाल्लं.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन आणि कर्नाटकाचा राज्योत्सव, म्हणजे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, एकाच दिवशी. शहरात जायचं नाही, सालींची पोती कालच आणून ठेवली. खिळे ३.

२४ नोव्हेंबर

सुगी. यंदा आळीतल्या निम्म्या लोकांनी कापणीचं मशीन लावलं. मशीनच्या मागून पडतं ते पिंजर तुटकं, चिखलात मिसळलेलं, पेंढी बांधता येत नाही. मजूर मिळत नाहीत म्हणून लोक मशीन लावतात, त्यांना काय बोलणार. मी विळ्यानं कापलेलंच घेतलं, दोन शेतांतून ६४० पेंढ्या. चार दिवस उन्हात उलटेपालटे करून मगच उचलल्या.

आजींच्या माळ्यासारखा माळा बांधला, पण पागेवर नाही. घोड्यांच्या डोक्यावर गवत ठेवलं की दरवेळी काढताना धूळ खाली. चुलीच्या खोलीला लागून पत्र्याची खोली आहे, तिथं जमिनीपासून सहा फुटांवर बांबूंचा माच, खाली मोकळा, दोन्ही बाजूंना जाळी. पाणी तापवायची चूल त्या भिंतीला आहेच. धुराला वाट करून दिली. जुलैत पुन्हा ५०० ग्रॅम तोलणार, तेव्हा कळेल.

१५ डिसेंबर

ठाणांची वाटणी अशी झालीय. बिजली आणि शिंगरू पिंजरावर. पवन सालींवर, कारण तो सुधारणार नाही. टिंग्याला पिंजराची उरलीसुरली झाडणी, ते कशावरही लोळतं. चांदणी बारमाही सालींवर, नवं कोरडं पिंजर आलं तरी. आप्पांना हे पटलेलं नाही. एक पेंढी तिच्या ठाणात त्यांनी परवा गुपचूप टाकली होती, मामांनी गुपचूप काढली.

रात्री अडीचला पाणी प्यायला उठलो आणि बॅटरी न लावता पागेत गेलो. चांदणी आडवी, मान जमिनीला टेकवून, पुढचा पाय मधूनमधून झटकत होती. खालचा ओठ लोंबत होता. मी उंबऱ्यातच थांबलो. किती वेळ ते घड्याळ पाहिलं नाही, पण पायांना गार लागायला लागलं तोवर ती उठली नव्हती.

१८ डिसेंबर

आजींचं पिंजर परत. घेतल्या ४०, दिल्या ५०. त्यांनी ४० मोजून माळ्यावर चढवायला लावल्या आणि १० दारातच ठेवल्या. म्हणाल्या, या तुझ्या. मग एक पेंढी सोडून हुंगली, दोन काड्या मोडून बघितल्या आणि म्हशीपुढं टाकली.